जरा लवकर आलात

१

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी मयत येते. म्हणजे मयतीची बातमी. सात वाजले की माझा ड्रायव्हर म्हाळू पायरीशी उभा राहतो, मोबाइल नाकाला लावतो आणि वाचून दाखवतो. "वहिनीसाहेब, गावातच वरल्या आळीला एक म्हातारी गेली. धर्मापुरीला एक दहावा हाय. अन् एक बारसं हाय, पण तिकडं साहेब जायलेत."

साहेब म्हणजे माझे यजमान, अमरसिंह. पंचवीस वर्षं राजकारणात आहेत आणि अजून भाषणाचा कागद उलटा धरतात. आमची वाटणी ठरलेली आहे. लग्नं, बारशी, वाढदिवस त्यांचे, मयती माझ्या. फेटा बांधून घ्यायचा आणि दात दाखवायचे एवढं त्यांना जमतं. मयतीला बाई लागते, कारण बाया बाईच्याच गळ्यात पडतात. आमचा गट महिलेला सुटला तेव्हा जिल्हा परिषदेवर मी निवडून आले ती या मयतींवरच. रस्ता कुणी केला हे लोकांच्या लक्षात राहत नाही. म्हातारा मेला तेव्हा कोण आलं होतं, ते मात्र तीन पिढ्या सांगतात.

त्याची एक रीत आहे. गाडी दारात न्यायची नाही, गल्लीच्या तोंडाशी उतरायचं. हेल तिथूनच काढायचा. आधी रडणं घरात पोचलं पाहिजे, बाई मागून. तो आवाज ऐकून घरातल्या बाया बाहेर धावतात, गळ्यात पडतात, पाच मिनिटं नुसता कालवा. मग कुणीतरी तांब्या आणतं, "डोळ्याला पाणी लावा" म्हणतं, की सगळ्याजणी तोंड धुऊन गुमान बसतात आणि चहा कुणाला बिनसाखरेचा ते विचारतात. सासऱ्याला जिनं वर्षभर शिळी भाकर घातली, तिचा हेल सगळ्यात उंच. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मला आता हसूही येत नाही.

रडू तर मला येतच नाही. माझी आई गेली तेव्हाही आलं नाही. मेडिकलमधून डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली आणून ठेवलीय, उतरायच्या आधी दोन-दोन थेंब. मेलेल्याचं नाव म्हाळू गाडीत सांगतो.

या सगळ्या गोतावळ्यात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे. माझी लेक संस्कृती. पुण्यात नोकरी करते, स्वतःची गाडी स्वतः चालवते आणि मला तोंडावर म्हणते, "मम्मी, किती खोटं रडतेस गं तू!" दुसरं कुणी म्हणालं असतं तर जीभ हातात दिली असती. तिचं मी ऐकून घेते. तिला काही झालं तर मी काय करीन, हा विचारसुद्धा मी पुरता करत नाही.

२

माझ्या माहेरच्या बायांना डोळ्याखाली खड्डे असतात. आजीला होते, आईला होते. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र माझे खड्डे नव्हते. फ्लेक्सवाल्यानं संगणकावर भरून टाकले होते. चौकात वीस फुटांवर मी अशी टवटवीत, आणि खाली गाडीत बसलेली मी तशी खंगलेली. दोन महिने त्या फ्लेक्सखालून जाताना मला स्वतःचीच लाज वाटत होती.

मग एका सदस्यीणबाईनं छत्रपती संभाजीनगरचा पत्ता दिला. काचेचं दार, गुलाबी भिंती, अत्तराचा वास. तिथली पोरगी म्हणाली, "साधं फिलर वर्षभरात विरघळतं मॅडम, पुन्हा पुन्हा यावं लागेल. कायमचं भरलं की कटकट नाही." मला कटकट नकोच होती. दर वर्षी त्या भवानीचं तोंड कोण बघणार? म्हटलं, कायमचं भर. दोन सुया, वीस मिनिटं.

सहा महिने झक्कास गेले. सातव्या महिन्यात डोळ्याखाली फुगवटे आले. बोटाला दाणे लागायचे, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. आरशात बघितलं तर बाई रात्रभर रडून उठलीय असं वाटावं. मी चरफडले. पण मयतीच्या घरी काय झालं असेल? बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "बग की, वहिनीसाहेबांचं डोळं! रातभर रडल्यात माय. कोण कुणासाठी एवढं करतं?"

साहेबांना सांगितलं, मला हे काढायचंय. ते लोडाला टेकून बडीशेप चघळत होते. "ऱ्हाऊ दे की. कावून काढायलीस? हसऱ्या बाईला कोण मत देतंय?"

त्या माणसाच्या अकलेबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पण निवडणूक तोंडावर होती, म्हणून राहू दिलं. नऊशे मतांनी आले.

३

खूण कधी ध्यानात आली ते सांगते.

फुगवटा रोज सारखा नसायचा. काही सकाळी दोन्हीकडं नुसतं सपाट, काही सकाळी एकीकडं टम्म. मी आधी मीठ कमी केलं. मग पापड बंद केले. मग कुशीचा संशय घेतला आणि आठ दिवस उताणी झोपले. फरक शून्य.

एका सकाळी उजवा डोळा अर्धा झाकला होता. पायरीवर आले तर म्हाळू म्हणाला, "सुंदरराव गेले वो, बाजारातले." दुसऱ्या दिवशी डावीकडं फुगलं, आणि दुपारी कळलं, माजी सरपंचाची भावजय गेली. मी काही खुळी नाही. तालुक्यात रोज कुणीतरी मरतंच, आणि माझा डोळा रोज कुठूनतरी फुगतोच. दोन्ही एका दिवशी आलं तर त्यात नवल काय? असं मी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही.

पण मग उजवीकडं आलं की पुरुष, डावीकडं आलं की बाई, हे चुकेना. महिना झाला, दोन महिने झाले, एकदा चुकेना. ज्या दिवशी कुणी गेलं नाही त्या दिवशी दोन्ही बाजू सपाट. आणि मयतीची बातमी माझ्या कानावर पडली की तासाभरात फुगवटा उतरायचा. उतरताना आत बारीक आवाज यायचा, ओल्या मातीत पाणी जिरतं तसा. तो मलाच ऐकू यायचा. डॉक्टरकीची चार पुस्तकं वाचलेला कुणी असता तर म्हणाला असता, हे सगळं डोक्यात आहे. मीही तेच म्हणत होते. तरी सकाळी उठल्यावर आधी हात डोळ्याखाली जायचा आणि मग देवाला.

एकदा संस्कृती पुण्याहून निघणार होती. सकाळी डावीकडं असं आलं होतं की चष्मा बसेना. दहा वाजले, अकरा वाजले, बातमी काही येईना. मी फोन केला आणि म्हटलं, "आज निघू नकोस."

"मम्मी, सुट्टी काढलीय मी! काय झालंय?"

"काही नाही. मी सांगते म्हणून."

ती चिडली, पण थांबली. एक वाजता धर्मापुरीहून फोन आला. देवळाजवळच्या एक आजीबाई गेल्या होत्या. मी पलंगावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी मयतीचा आनंद झाला. लगेच पुण्याला फोन लावला, "आता ये." त्या दिवसापासून लेक गाडीत बसायच्या आधी मी डोळ्याखाली बोट दाबून बघू लागले. सपाट असलं की म्हणायचं, ये. फुगलं असलं की, थांब. तिला वाटायचं, मम्मीचं वय झालं.

४

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. दुसऱ्यांना नावं ठेवताना आपलं झाकून ठेवणाऱ्यातली मी नाही.

दिंद्रुडचे धुळाजीअण्णा म्हणजे साठ मतांचं घर. आमच्या आणि विरोधकांच्या दोन्ही बैठकांना जाऊन दोन्हीकडचा चहा पिणारा म्हातारा. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं, आशा नाही म्हणून. त्या सकाळी माझी उजवी बाजू अशी आली होती की डोळा उघडेना. म्हटलं, हेच ते. विरोधक नेहमी आमच्या आधी पोचायचे. आज आपण आधी. फोन यायची वाट बघायची कशाला?

"म्हाळू, दिंद्रुडला घे."

"कोण गेलं वो?"

"धुळाजीअण्णा."

"मला न्हाई बा कुणी मनलं."

"तुला विचारून मरतात का बे लोक? घे गाडी."

गल्लीच्या तोंडाशी उतरले. औषधाचे थेंब घातले, पदर पुढं घेतला आणि हेल काढला. "ओ अण्णाऽऽ, कसं टाकून गेलात वो आमालाऽऽ!" आत कुठंतरी भाकरी थापायचा आवाज चालला होता. तो थांबला. बाकी काही झालं नाही. दारात कुणी बाया धावून आल्या नाहीत. अंगणात ना तिरडीचे बांबू, ना मडकं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं, पण हेल एकदा सुरू झाला की पायही त्याच्या मागंच जातात. मी रडत रडत उंबरा ओलांडला.

धुळाजीअण्णा बाजेवर बसून दूधभाकरीचा काला खात होते.

चुलीपाशी त्यांची बायको सरस्वतीबाई पिठाचे हात तसेच धरून बसलेली. दोन सुना भिंतीला. म्हाताऱ्याचं चावणं तेवढं ऐकू येत होतं. त्यांनी तो घास सावकाश संपवला, मिशी पुसली, माझ्या डोळ्यांकडं बघितलं. रागानं नव्हे. पाहुणं अर्धा तास आधी आल्यावर घरधनी बघतो तसं.

"या वहिनीसाहेब," ते म्हणाले. "जरा लवकर आलात."

मी काहीतरी पुटपुटले. चुकीचा निरोप आला, अमुक तमुक. त्यांनी हात वर केला.

"आसू द्या. सरस्वते, तांब्या आण. त्यांला डोळं धुवू दे." आणि मला म्हणाले, "आता आलाच हाव तर बसा की. लई येळ न्हाई लागायचा."

मी बसले नाही, तशीच बाहेर पडले. सरस्वतीबाईनं तांब्या पुढं केला होता, तो मी घेतलाही नाही. गाडी दिंद्रुडच्या बाहेर पडते न पडते तोच, बातमी कानावर यायच्याही आधी, डोळ्याखाली तो आवाज आला, पाणी जिरल्याचा. बोट लावलं तर सपाट. म्हाळूचा फोन वाजला. त्यानं गाडी कडेला घेतली, ऐकलं आणि आरशातून माझ्याकडं बघितलं.

"गेले," तो म्हणाला. "काला खाता खाताच."

५

मग जे व्हायचं ते झालं. हेल काढतानाचा माझा व्हिडिओ कुण्या हरामखोरानं काढला होता, तो जिल्हाभर फिरला. आमची गाडी दिसली की लोक दारं लावून घ्यायला लागले. आजारी माणसाच्या घरून साहेबांना निरोप यायचे, "वहिनीसाहेबांला तेवढं पाठवू नगा." काल ज्या बाया माझ्या गळ्यात पडून माझ्या साडीला शेंबूड पुसत होत्या, त्याच आता माझ्या सावलीला घाबरायला लागल्या. सासूबाई, सुंदरबाई, ऐंशीच्या आहेत. त्या तर सकाळी पदरानं तोंड झाकूनच चहा प्यायच्या. "तू माझ्याकडं बगू नगंस गं वर्षा, ऊन वर येईस्तोवर."

साहेबांनी लगेच पलटी मारली. "मी तर कवाच म्हणलतो, काढून टाक." याला म्हणतात पुढारी.

त्यांच्यासाठी मी काढलं नसतं. संस्कृतीनं फोनवर सांगितलं म्हणून काढलं. "मम्मी, माझ्या मोबाइलमध्ये तुझा एक हसरा फोटो नाही. सगळ्यात रडल्यासारखी दिसतेस. काढून टाक ना. जखम भरली की मी येते, आपण दोघी फोटो काढू." मी विचारलं नाही की मग तुझ्या प्रवासाचं कशावरून बघू. असं विचारणारी बाई वेडी असते, आणि मी वेडी नव्हते.

६

डॉक्टर रोहिणी संस्कृतीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं बोटानं चाचपून सांगितलं, "साधं फिलर असतं तर सुईनं विरघळवलं असतं. हे विरघळत नाही. पापणीच्या आतून छेद देऊन एक-एक दाणा सोडवून काढावा लागेल. आजूबाजूच्या मांसाला धरून बसलंय ते. खड्डे परत दिसतील, कदाचित जास्त." सरळ बोलणारी बाई होती. बऱ्याच दिवसांत मला ज्याचा राग आला नाही असं ते पहिलंच माणूस.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दवाखान्याजवळच्या लॉजच्या आरशात बघितलं तर दोन्ही बाजू आल्या होत्या.

दोन्ही कधी येत नसत. एकाच दिवशी पुरुष आणि बाई गेली तरी एक उतरून मग दुसरी यायची. आज दोन्ही बरोबर, घट्ट, गरम. मी म्हाळूला फोन लावायला सांगितला. तालुक्यात कुणी नव्हतं गेलं. संस्कृती पुण्यात ऑफिसात होती, साहेब घरी झोपले होते. मी मनाशी म्हटलं, उपाशी पोट, भीती, लॉजची उशी. कारण शोधलं की सापडतंच.

रोहिणीनंही बघितलं. "आज सूज जास्त आहे. चार दिवसांनी करायचं का?"

"ढकलाढकली नको," मी म्हणाले. "आजच काढा."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

भूल डोळ्यापुरती होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. कात्रीचा आवाज, मग स्टीलच्या ताटलीत टिक. टिक. मी मोजत होते. चौदानंतर मोजणं सोडलं. रोहिणी एकदा थांबली आणि नर्सला विचारलं, "किती घातलं होतं म्हणे?" नर्स म्हणाली, "दोन्हीकडं मिळून एक सिरिंज." पुन्हा टिक, टिक.

सगळं झाल्यावर मी म्हटलं, मला बघायचंय. पैसे मोजून घातलेलं, पैसे मोजून काढलेलं. तिनं नाइलाजानं ताटली पुढं केली. मूठभर पांढरट दाणे, ओले. नर्सनं कापसानं ते कोरडे केले, मला नीट दिसावेत म्हणून. ते परत ओले झाले. तिनं परत पुसले. मी बघत असताना एकेका दाण्यावर पाणी आलं, ओघळलं आणि ताटलीच्या कडेला जमा झालं.

"मांस चिकटलेलं असतं, ते पाझरतं," रोहिणी म्हणाली आणि वर फडकं टाकलं. तिचा हात जरा घाईत होता.

७

घरी आले. डोळे निळे-जांभळे झाले होते, ते चार दिवसांत पिवळे झाले. आत खड्डे परत आले होते. आरशात आई दिसायची. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

पहिल्या सकाळी म्हाळू पायरीशी आला आणि म्हणाला, "आज काईच न्हाई." दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी त्यानं मोबाइल काढलाच नाही. सहाव्या दिवशी तो वर ओट्यापर्यंत आला. आजवर कधी आला नव्हता.

"वहिनीसाहेब, सहा दिवस झाले. आपल्या भागात एक माणूस न्हाई गेलं. दवाखान्यात शेवटचे श्वास मोजायलेत ते बी न्हाई गेले. इथं सिरसाळ्यात न्हाई, धर्मापुरीत न्हाई, दिंद्रुडला न्हाई."

"मग पेढे वाट की," मी म्हणाले. "माणसं जगली त्याचं सुतक धरतोस का?"

"तसं न्हाई वो. असं कवा व्हत न्हाई."

त्याला हाकलून दिलं. पण दिवसभर मला घर ऐकू येत राहिलं. पंख्याची करकर, सासूबाईंचं शेंगा फोडणं. कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी उतरून श्वास घेतंय आणि अजून हेल काढत नाही, असं वाटत होतं. दोन्ही बाजूंची ती सूज कुणासाठी होती, ते समजायच्या आत मी ती काढून घेतली होती. ताटलीत गेली तरी ती उतरली कुठं होती?

संध्याकाळी संस्कृतीचा फोन आला. "मम्मी, उद्या रविवार. सहाला निघते, जेवायला घरी. फोटो काढायचाय!" सवयीनं माझं बोट डोळ्याखाली गेलं. हाड लागलं. मी म्हणाले, "ये."

साहेब पक्षाच्या बैठकीला पुण्यातच होते. ते त्यांच्या माणसांबरोबर सोमवारी येणार होते.

८

रविवारी दुपारचे बारा वाजले असतील. मी पुरणाची डाळ बघत होते. लेकीला आवडते म्हणून स्वतः घातली होती.

आधी आवाज आला. लांबून, परळी रस्त्याच्या वळणावरून. एकीचा, मग दोघींचा, मग कितीतरी. हेल. मी तो चांगला ओळखते, मीच वापरून वापरून झिजवलेला. चूल तशीच ठेवून मी बाहेर आले. गेटपाशी म्हाळू उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता.

"बाया आल्यात. पन्नासेक असतील. गाड्या वळणावरच सोडल्या अन् चालत येऊलाल्यात."

"कुणाकडं?"

"आपल्याकडंच की."

"कुणी बोलावलं?"

"निरोप आलता मनत्यात. कुणाचा, ते कुणालाच ठावं न्हाई."

मला आधी संताप आला. म्हटलं, विरोधकांचा डाव. माझंच माझ्या पदरात घालायला आल्यात सटव्या. सासूबाई बाजेवर उठून बसल्या, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "कोण गेलं गं वर्षा?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच्या छातीला हात लावून बघितला. "मी तर हाय."

बाया अंगणात शिरल्या. सिरसाळ्याच्या, धर्मापुरीच्या, ज्यांच्या ज्यांच्या घरी मी गेले होते त्या सगळ्या. पुढं दिंद्रुडची सरस्वतीबाई, कपाळ मोकळं. मी ओरडणार होते, चालत्या व्हा म्हणणार होते. पण त्या जवळ आल्या तसं मला दिसलं. एवढा आक्रोश, आणि एकीच्याही डोळ्यात पाणी नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्याखाली मात्र फुगलं होतं. दोन्हीकडं. घट्ट, गरम, माझ्यासारखंच.

सरस्वतीबाई माझ्या गळ्यात पडली. तिच्या गालाचा दाणेदार फुगवटा माझ्या गालाला लागला. तिनं हेल मधेच तोडला आणि माझ्या कानाशी, नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "जरा लवकर आलो वहिनीसाहेब. राग मानू नगा."

मी तिला ढकललं आणि फोन काढला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दाबला. लागला.

"संस्कृती! कुठं आहेस?"

"तेलगाव सोडलं मम्मी. अर्ध्या तासात घरी." गाडीत गाणं चालू होतं. "आणि सरप्राइज आहे, सांगू का? पप्पापण माझ्याच गाडीत आहेत. बैठक लवकर संपली. मागं घोरतायत."

उजवीकडं पुरुष. डावीकडं बाई. दोन्ही बरोबर.

"मम्मी? मागं कोण रडतंय एवढं?"

अंगणात कुणीच रडत नव्हतं आता. सगळ्या गप्प झाल्या होत्या, पदर हातात धरून, माझ्याकडं बघत. सरस्वतीबाईनं कुठूनसा तांब्या आणला होता आणि तो दोन्ही हातांनी धरून ती वाट बघत होती.

"गाडी थांबव," मी म्हणाले. मग वाटलं, थांबलेल्या गाडीवर मागून काही आलं तर? दिंद्रुडच्या रस्त्याला ट्रॅक्टर, ट्रका. "नको, थांबू नकोस. हळू ये. नाही, येऊ नकोस." माझा आवाज मलाच ओळखू येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात पाणी खारट लागलं, आणि मला कळेना मी कधीपासून रडतेय. तिला काही होऊ देऊ नका, मी म्हणत होते, त्या बायांना, देवाला, त्या ताटलीतल्या दाण्यांना. त्या माणसालासुद्धा काही होऊ देऊ नका.

"मम्मी, तू नीट सांग ना," माझी लेक म्हणाली. "थांबू का येऊ?"

मी डोळ्याखाली बोट दाबलं. उजवीकडं, मग डावीकडं. जखम दुखेपर्यंत दाबलं. नुसतं हाड लागत होतं.

"मम्मी, ऐकू येतंय का? थांबू का येऊ?"

मी पुन्हा दाबून बघितलं.